आईच्या मुद्रेवरील खिन्नता : प्रारंभिक प्रबोधनकालातील माता-बालक चित्रांची प्रतीकसृष्टी



आजच्या व्याख्यानाचा विषय इटलीतील प्रबोधनकालाच्या प्रारंभीची चित्रकला हा असला, तरी त्या विस्तीर्ण प्रदेशातील एकच पाऊलवाट मी निवडली आहे. कुमारी माता मेरी आणि तिच्या मांडीवरील बाळ येशू हा त्या काळातील चित्रकारांचा सर्वाधिक आवडीचा विषय होता. चर्चच्या वेदीवर, घरातील शयनगृहात, रस्त्याच्या कोपऱ्यावरील कोनाड्यात, सर्वत्र ही जोडी दिसत असे. आज जगातील कोणत्याही मोठ्या चित्रसंग्रहालयात गेलो, तर या चित्रांची दालनेच्या दालने आपल्याला पाहावयास मिळतात.

या दालनांतून फिरणाऱ्या सामान्य प्रेक्षकाच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहतो. मूल गुटगुटीत आहे, भोवती देवदूत वाद्ये वाजवीत आहेत, पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाने झळकत आहे. मग ही आई हसत का नाही? तिची नजर पुष्कळदा बाळावरून निसटून दूर कोठेतरी लागलेली का असते? हा प्रश्न भोळा वाटला, तरी तो अगदी योग्य आहे. प्रतीकांचा विचार याच प्रश्नापासून सुरू करावा, असे मला वाटते. कारण त्या चित्रांतील फळे, पक्षी, दागिने आणि रंग या साऱ्यांचे उत्तर एकाच दिशेने जाते. ही आई आपल्या बाळाचे भविष्य जाणते, अशी त्या चित्रकारांची आणि त्यांच्या प्रेक्षकांची श्रद्धा होती.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथे भरलेल्या धर्मपरिषदेने मेरीला ‘ईश्वराची जननी’ हे अभिधान मान्य केले आणि तिच्या प्रतिमांना मोठे अधिष्ठान लाभले. बायझंटाइन परंपरेत या प्रतिमेचे काही ठराविक साचे तयार झाले. एका साच्यात माता आपल्या हाताने बाळाकडे निर्देश करते, जणू भक्ताला वाट दाखविते. दुसऱ्यात बाळ आपला गाल मातेच्या गालाला टेकविते. इटालियन चित्रकारांनी हे साचे वारशाने घेतले. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांची सिंहासनस्थ मातेची भव्य चित्रे आहेत. त्यांतील दुच्चोच्या चित्राचा करार १२८५ सालचा आहे; जोत्तोचे चित्र चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. ती क्रमाने पाहिली की, स्वर्गाची राणी हळूहळू हाडामांसाची स्त्री कशी होत गेली, हे ध्यानात येते. जोत्तोच्या मातेच्या वस्त्राखाली गुडघे आहेत, छाती आहे, देहाचा भार आहे.

चौदाव्या शतकातच आणखी एक बदल झाला. काही चित्रकारांनी मातेला सिंहासनावरून उतरवून जमिनीवर, फार तर एका उशीवर बसविले. या प्रकाराला ‘विनम्रतेची माता’ असे म्हणतात. लॅटिन भाषेत विनम्रतेचा शब्द आणि मातीचा शब्द एकाच कुळातले आहेत, त्यामुळे भूमीवर बसणे हेच त्या सद्गुणाचे चित्र ठरले. येथे प्रतीक एखाद्या वस्तूत सामावलेले नाही. ते मातेच्या बसण्याच्या रीतीतच आहे. प्रतीक म्हणजे हातात धरलेली खूण, एवढाच अर्थ घेणाऱ्याच्या नजरेतून असे पुष्कळ काही निसटते.

आता एका चित्रापाशी थोडे थांबू. १४२६ साली मासाच्चो या तरुण चित्रकाराने पिसा येथील कार्मेलाइट पंथाच्या चर्चसाठी एक मोठा वेदीचित्रसमूह रंगविला. पुढे तो समूह विखुरला. त्याच्या मध्यभागी असलेला माता-बालकाचा फलक आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात बाळ आईच्या हातातील द्राक्षे घेऊन खात आहे. बोटे तोंडात घालून ते इतके रंगून गेले आहे की, कोणत्याही घरातले मूल आठवावे. पण द्राक्षांपासून मद्य होते आणि ख्रिस्ती उपासनेत ते मद्य म्हणजे ख्रिस्ताचे रक्त. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवितो. म्हणजे ते बाळ आपल्याच बलिदानाचा घास चाखीत आहे.

हा अर्थ आपण ओढूनताणून काढीत आहोत काय? तसे नाही, हे चित्राची मूळ जागा पाहिली म्हणजे कळते. हा फलक वेदीवर उभा होता. त्याच्या पुढ्यात धर्मगुरू मद्याचा पेला उंच धरीत असे. त्याच्या वरच्या बाजूस, त्याच समूहात, येशूच्या क्रूसावरील मृत्यूचे चित्र होते. ते आज नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात आहे. गुडघे टेकून वर पाहणाऱ्या भक्ताला खाली पेला, मध्ये द्राक्षे खाणारे बाळ आणि वर क्रूस असे एकाच उभ्या रेषेत दिसत असे. आणखी एक तपशील असा की, मातेच्या आसनाच्या पायथ्यावर नागमोडी रेघांची जी नक्षी आहे, ती प्राचीन रोमन शवपेटिकांवर आढळणारी आहे. बाळ आईच्या मांडीवर आहे आणि आईचे आसन थडग्याची आठवण करून देणारे आहे. आज हे दोन फलक दोन देशांत आहेत. संग्रहालयाच्या भिंतीवर द्राक्षे केवळ द्राक्षे वाटतात, याला त्या बिचाऱ्या प्रेक्षकाचे अज्ञान तेवढे कारणीभूत नाही. चित्राखालची वेदीच नाहीशी झाली आहे.

वेदीइतकेच महत्त्वाचे दुसरे स्थान म्हणजे घर. पंधराव्या शतकाच्या आरंभी जोव्हान्नी दोमिनिची नावाच्या डोमिनिकन धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समधील एका कुलीन स्त्रीसाठी कुटुंबपालनावर एक पुस्तक लिहिले. लहान मुलांच्या दृष्टीस पडतील अशी पवित्र चित्रे घरात ठेवावीत, असे तो त्यात सुचवितो. आणि उदाहरण देताना, मातेच्या कडेवर बसलेल्या आणि मुठीत पक्षी किंवा डाळिंब धरलेल्या बाळ येशूचा उल्लेख करतो. त्याचा हेतू उघड आहे. पाळण्यातील मुलाने चित्रातल्या मुलाशी मैत्री करावी, त्याच्या खेळण्याकडे पाहून हसावे. हा उपदेश प्रतीकांच्या अभ्यासकाला फार मोलाचा आहे. कारण पक्षी आणि डाळिंब या दोन्ही वस्तू प्रथम मुलाच्या आवडीच्या आहेत आणि मग मोठ्यांच्या चिंतनाच्या, हे त्यातून कळते.

तो पक्षी बहुधा गोल्डफिंच असतो. चिमणीएवढा हा युरोपीय पक्षी गाणारा आहे, त्याच्या पंखावर पिवळा पट्टा आणि तोंडाभोवती लाल रंग असतो. त्या काळी मुले त्याला पाळीत, पायाला दोरा बांधून खेळवीत. पण हाच पक्षी काटेरी झुडपांचे बी खाऊन जगतो आणि काटा म्हटला की, ख्रिस्ती मनाला येशूच्या मस्तकावरील काट्यांचा मुकुट आठवतो. क्रूसाकडे नेल्या जाणाऱ्या येशूच्या कपाळातील काटा या पक्ष्याने उपटला, तेव्हा उडालेल्या रक्ताचा डाग त्याच्या तोंडावर कायमचा राहिला, अशी लोककथा आहे. हर्बर्ट फ्रीडमन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाने १९४६ साली या एका पक्ष्याच्या प्रतीकावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो ज्यात आहे अशी शेकडो भक्तिचित्रे त्याने शोधून काढली होती. पुढे राफाएलनेही १५०६ च्या सुमारास हाच पक्षी रंगविला : लहानगा योहान तो पक्षी बाळ येशूपुढे धरतो आणि येशू त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. दोन मुले खेळत आहेत आणि त्या खेळात भावी वेदना हळूच हाताळली जात आहे.

डाळिंबाचे तसेच आहे. एका सालीखाली असंख्य दाणे, म्हणून ते चर्चच्या एकतेचे चिन्ह. प्राचीन काळापासून मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्याशी जोडलेले, म्हणून पुनरुत्थानाचे चिन्ह. आणि फोडल्यावर रक्तासारखे लाल, म्हणून यातनांचे चिन्ह. उफीझीतील बोत्तिचेल्लीच्या १४८७ च्या सुमाराच्या वर्तुळाकार चित्रात आई आणि बाळ मिळून एक अर्धवट उघडलेले डाळिंब धरून आहेत. बाळाचा एक हात आशीर्वादासाठी उंचावलेला आहे. भोवती सहा देवदूत आहेत आणि एकाच्याही मुखावर उल्हास नाही. याच चित्रकाराच्या मिलान येथील दुसऱ्या एका चित्रात आई बाळाला ग्रंथ वाचून दाखवीत आहे. बाळाच्या मनगटावर कड्यासारखा काट्यांचा मुकुट आहे आणि मुठीत तीन खिळे. तेथे चित्रकाराने आडपडदा ठेवलेला नाही.

प्रतीकांचा एक फार सुंदर समूह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील कार्लो क्रिव्हेल्ली याच्या छोट्या चित्रात आहे. वर सफरचंदे आणि काकडी लटकत आहेत, बाळाच्या हातात गोल्डफिंच आहे आणि कठड्यावर एक माशी बसली आहे. सफरचंद आणि माशी ही पापाची व अनिष्टाची चिन्हे. काकडी आणि पक्षी ही मुक्तीची. माशी इतकी हुबेहूब आहे की, ती खऱ्या चित्रावर येऊन बसली आहे असे वाटून हात पुढे व्हावा. चित्रकाराचे कौशल्य आणि धर्मशास्त्राचा विचार येथे एकमेकांना अडवीत नाहीत.

आता पोवळ्याकडे वळू. अनेक चित्रांत बाळाच्या गळ्यात किंवा मनगटात पोवळ्यांची माळ असते. इटलीत तान्ह्या मुलांना दृष्ट लागू नये म्हणून पोवळे घालण्याची रूढी होती. आपल्याकडील आयांना हे सांगावयास नको. भूमध्य समुद्रातील हेच तांबडे पोवळे पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत लिव्होर्नो बंदरातून गोव्यास येई आणि त्याच्या मोबदल्यात भारतातील हिरे जात. चित्रातील पोवळ्याचा पहिला अर्थ म्हणून घरगुती आहे : हे बाळ जपण्याचे आहे. त्याचा दुसरा अर्थ त्याच्या रंगातून येतो, आणि तो रक्ताचा आहे. ज्या वस्तूने आई बाळाचे रक्षण करू पाहते, तीच वस्तू ते रक्षण अखेर अपुरे पडणार असे सुचविते.

पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याने १४७२ ते १४७४ च्या सुमारास रंगविलेल्या आणि आज मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात असलेल्या वेदीचित्रात अशीच पोवळ्यांची माळ आहे. तेथे बाळ आईच्या मांडीवर गाढ झोपले आहे. झोपलेले बाळ हे या परंपरेत मृत पुत्राची पूर्वसूचना मानले जाते. क्रूसावरून उतरविलेल्या येशूला मांडीवर घेतलेल्या मातेचे चित्र आणि निजलेल्या बाळाला मांडीवर घेतलेल्या मातेचे चित्र यांची बैठक एकच असते. व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लीनीने १५०० च्या सुमारास कुरणात बसलेली माता रंगविली, तीतही हेच साधर्म्य मनाला चटका लावून जाते.

ब्रेराच्या चित्रात मातेच्या मस्तकावर, एका शिंपल्याच्या आकाराच्या घुमटीतून, साखळीला एक अंडे लटकत आहे. या अंड्यावर गेल्या शतकात विद्वानांनी पुष्कळ लेखन केले. ते शहामृगाचे अंडे आहे, असे मिलर्ड मीस याने १९५४ साली प्रतिपादिले. शहामृगी अंडी वाळूत सोडून जाते आणि सूर्याच्या उष्णतेने ती फुटतात, अशी मध्ययुगीन समजूत होती. त्यावरून कुमारीच्या पोटी झालेल्या जन्माचा दृष्टान्त घेतला जाई. शिवाय शहामृग हे चित्र करवून घेणाऱ्या फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याच्या घराण्याचे एक चिन्ह होते. इतरांनी ते अंडे भूमितीच्या पूर्णत्वाचे चिन्ह मानले. वाद मिटलेला नाही. फेदेरिको स्वतः चित्रात उजवीकडे चिलखत घालून गुडघे टेकून बसला आहे. अशा चित्रांत पत्नीची जागा समोरच्या बाजूस असावयाची. येथे ती रिकामी आहे. त्याची पत्नी बात्तिस्ता १४७२ साली, वारस पुत्राच्या जन्मानंतर काही महिन्यांतच मृत्यू पावली होती. अंड्याचा अर्थ काहीही असो, ती मोकळी फरशी पाहिल्यावर या चित्रात जन्म आणि मृत्यू किती जवळ आहेत, ते कळते.

मातेच्या निळ्या वस्त्राविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. निळा रंग आकाशाचा, म्हणून स्वर्गाच्या राणीचा, हे खरेच. परंतु त्याचे प्रतीकमूल्य त्याच्या बाजारमूल्याशीही निगडित होते. उत्तम निळा रंग लाजवर्द या दगडापासून होई आणि तो दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई. इटालियन भाषेत या रंगाचे नावच ‘सागरापलीकडचा’ असे आहे. दगडाची पूड मेण व राळ यांच्या लगद्यात मळून, राखेच्या क्षारजलात पिळून निळे कण वेगळे काढण्याची कष्टाची कृती चेन्निनो चेन्निनी याने आपल्या ग्रंथात दिली आहे. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही लाजवर्दी निळा आढळतो. एका प्राचीन व्यापारी मार्गाची दोन टोके अशा रीतीने दोन निळ्या वस्त्रांत दिसतात.

या रंगाची किंमत करारपत्रांत लिहिली जात असे. १४८५ साली दोमेनिको गिर्लान्दायो याच्याशी फ्लॉरेन्समधील एका संस्थेने वेदीचित्राचा करार केला. त्यात चित्रास ११५ फ्लोरिन द्यावयाचे, काम ३० महिन्यांत पुरे व्हावयाचे आणि निळा रंग औंसाला सुमारे ४ फ्लोरिन किमतीचाच वापरावयाचा, असे स्पष्ट म्हटले आहे. स्वस्त निळा चालणार नव्हता. मातेला सर्वांत मौल्यवान वस्त्र अर्पण करावे, ही भक्तीच त्या व्यवहाराच्या भाषेत बोलत होती.

हा करार करणारी संस्था कोणती, हे आता सांगतो. ती म्हणजे ‘निष्पापांचे रुग्णालय’, अर्थात टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांचे अनाथालय. रेशीम-व्यावसायिकांच्या संघाने १४१९ साली त्याची उभारणी सुरू केली. इमारतीचा आराखडा ब्रुनेल्लेस्कीचा. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी तेथे पहिले मूल आले, ती एक मुलगी होती. त्या दिवशी संत आगाथेचा सण असल्यामुळे तिचे नाव आगाता ठेवण्यात आले. गिर्लान्दायोने या संस्थेच्या चर्चसाठी जे चित्र रंगविले, त्याचा विषय तीन ज्ञानी राजांनी बाळ येशूला केलेले वंदन हा आहे. मधोमध निळ्या वस्त्रातील माता आहे. दूरवर, टेकड्यांच्या बाजूस, हेरोद राजाच्या आज्ञेने चाललेली बेथलेहेमच्या बालकांची हत्या दिसते. आणि अगदी पुढे, राजांच्या रांगेत, पांढरी झुळझुळीत वस्त्रे ल्यालेली दोन लहान मुले गुडघे टेकून बसली आहेत. त्यांच्या अंगावर जखमा आहेत आणि मस्तकांमागे प्रभावलये. ती हेरोदाने मारलेल्या निष्पापांपैकी आहेत.

हे चित्र १४८८ सालचे. जी मुले या अनाथालयात वाढत होती, त्यांना आपले आईबाप ठाऊक नव्हते. त्यांच्यातील कित्येक मोठी होण्याआधीच दगावत. त्यांच्यासमोर हे चित्र होते. राजांच्या शेजारी, मातेच्या थेट पुढ्यात, कुणाचेच नसलेल्या मुलांना जागा दिली आहे, हे त्यांना पाहता येत होते. येथे प्रतीक पंडितांसाठी राहत नाही. जखम म्हणजे मृत्यू आणि प्रभावलय म्हणजे त्या मृत्यूची दखल, एवढे समजावयास ग्रंथ वाचावा लागत नाही. महागड्या निळ्या रंगाची अटही मग वेगळी भासू लागते. ज्या संस्थेला दूध पाजणाऱ्या दायांचे वेतन भागवावे लागे, त्या संस्थेने तो खर्च केला होता.

येथे अर्थनिर्णयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एर्विन पानोफस्की या थोर कलेतिहासकाराने १९५३ साली, नेदर्लंड्समधील चित्रकारांविषयी लिहिताना, ‘वेषांतरित प्रतीक’ ही कल्पना मांडली : घरातली काचेची सुरई, दिवा, फळ या साध्या वस्तूंच्या वेषात धर्मतत्त्वे वावरतात. या कल्पनेने पाहण्याची एक नवी दृष्टी दिली, पण तिच्या मागोमाग प्रतीकांचे कोशही आले आणि काही वाचकांनी चित्रे कोशाच्या साहाय्याने ‘सोडविण्यास’ आरंभ केला. भाषांतराचे काम करणाऱ्याला या पद्धतीतील उणीव चटकन जाणवते. शब्दाला शब्द ठेवून वाक्याचे भाषांतर होत नाही. शब्द कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी उच्चारला, हे पाहावे लागते. चित्रातही तसेच आहे. तेच फळ वेदीवर यज्ञाचे, शयनगृहात वंशवृद्धीचे आणि मुलाच्या हातात केवळ खाऊचे असू शकते. पुष्कळदा ते एकाच वेळी तिन्ही असते. एकच अर्थ खरा मानून इतर दोन पुसून टाकणे, हे त्या चित्रकारांच्या मनात नव्हते.

आपल्या देशाचा या प्रतिमेशी आलेला संबंध मी थोडक्यात नोंदवितो. १५८० साली गोव्याहून जेझुइट धर्मगुरू अकबराच्या दरबारी गेले, त्यांनी रोममधील एका प्राचीन माताप्रतिमेची प्रतिकृती बरोबर नेली होती. मुघल चित्रकारांनी त्यानंतर मेरीची कितीतरी चित्रे आपल्या पद्धतीने रंगविली. १६१६ साली थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ मुद्रित झाले आणि मेरीची कथा मराठी ओवीत आली. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात दीर्घकाळ राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मेरीला साडी नेसविली. अशा वेळी आपल्याला यशोदा आठवणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंतील भेद विसरू नये. यशोदेला कृष्णाचे दैवी रूप क्षणभर दिसते आणि पुन्हा ती वात्सल्यात बुडून जाते. मेरीला ते विसरण्याची मुभा नाही. तिच्या हातातले प्रत्येक फळ, बाळाच्या मुठीतला प्रत्येक पक्षी तिला पुढचे सांगत राहतो.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ही आई हसत नाही, कारण तिला ठाऊक आहे. पण ती बाळाला दूर लोटतही नाही. द्राक्षे हातात देते, डाळिंब बरोबर धरते, गळ्यात पोवळे घालते. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्समध्ये तान्ह्या मुलाचा मृत्यू ही घरोघरची गोष्ट होती. त्या चित्रापुढे दिवा लावणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींनी आपले मूल मातीत ठेवलेले असे, आणि दुसरे कडेवर असे. चित्रातील मातेच्या मुद्रेचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्याला मात्र तो थोडा अभ्यास करून मिळवावा लागतो. तेव्हा यापुढे असे एखादे चित्र, निदान एखाद्या पुस्तकातील छापील प्रत, समोर आली, तर प्रथम बाळाच्या मुठीकडे पाहावे, मग आईच्या डोळ्यांकडे, आणि ते चित्र मुळात कोठे टांगलेले होते, याची चौकशी करावी. इतके केले तरी पुष्कळ चित्रे आपण होऊन बोलू लागतील.